संगणकाचा कारभारी आणि महाजाल

संगणकाचें शास्त्र ज्यांस ठाऊक आहे त्यांच्यांत, आणि ज्यांस तें मुळींच ठाऊक नाहीं त्यांच्यांतही, अलीकडे एक मत सारख्याच ठामपणें मांडलें जातें. तें असें कीं, संगणकास आतां स्वतःच्या कारभाऱ्याची, म्हणजे ज्यास 'ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणतात त्या मूळ आज्ञावलीची, गरज उरलेली नाहीं. इंटरनेट हेंच तें काम करूं शकेल. पत्र लिहावयाचें तर ब्राउझर उघडावा, हिशेब मांडावयाचा तर ब्राउझर उघडावा, घरांतील छायाचित्रें पाहावयाचीं तरी तोच. मग त्याच्या खालीं विंडोज आहे कीं लिनक्स आहे, याची पंचाईत कोणीं कां करावी? प्रश्न वरवर दिसतो तितका निव्वळ यांत्रिक नाहीं, आणि नवा तर मुळींच नाहीं. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत तो निदान चार वेळां निरनिराळ्या वेषांत पुढें आला, त्यावर कोट्यवधि डॉलर खर्च झाले, आणि एकदां तर अमेरिकेच्या न्यायालयास त्याचा ऊहापोह करावा लागला. या चारही वेळांचा वृत्तांत एकत्र वाचला म्हणजे प्रश्नांत दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत असें दिसून येतें. ते सोडवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कारभारी हा शब्द आम्ही सहज योजिलेला नाहीं. मोठ्या वाड्यांत धनी ज्याप्रमाणें कोठीची किल्ली, चाकरांचीं कामें व दाराचा पहारा हीं एका माणसावर सोंपवून स्वस्थ असतो, तसाच संगणकाचा वापर करणारा या मूळ आज्ञावलीवर विसंबून असतो. तिचीं कामें दोन प्रकारचीं. एक यंत्राची चाकरी : एकाच वेळीं चालूं पाहणाऱ्या अनेक आज्ञावलींस प्रोसेसरचा क्षण-क्षण वांटून देणें, स्मृतींतील जागा नेमून देऊन एकीनें दुसरीच्या जागेंत घुसूं नये हें पाहणें, आणि कळफलक, पडदा, तबकडी, जाळ्याची तार या उपकरणांशीं त्यांच्या-त्यांच्या बोलींत बोलणें. दुसरी धन्याची चाकरी : कागदपत्रें नांवानिशीं जपून ठेवणें, आणि कोणास आंत घ्यावें व कोणास दारांतूनच परत लावावें हें ठरविणें. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा अशी विनंति आहे. पुढें त्याचें काम पडेल.

आतां आरंभाकडे वळूं. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या शतसांवत्सरिक उत्सवांत जॉन मॅकार्थी यांनीं एक व्याख्यान दिलें. त्यांत त्यांनीं असें भाकीत केलें कीं, गणनशक्ति ही पुढेंमागें टेलिफोनप्रमाणें सार्वजनिक सेवा होऊं शकेल. ज्यास जेवढी हवी तेवढी त्यानें घ्यावी व तेवढ्याचेंच मोल द्यावें. त्या काळीं संगणक म्हणजे एक दालन भरून टाकणारें व मोठमोठ्या संस्थांसच परवडणारें यंत्र होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कल्पनेची झेप कळते. मुंबईच्या गिरण्यांचें उदाहरण घेतल्यास ती आपणांकडे चटकन् समजेल. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील वीजगृहांतून मुंबईस वीज येऊं लागली, आणि ज्या गिरण्या आपआपलीं वाफेचीं इंजिनें बाळगून होत्या त्यांनीं हळूहळू तीं काढून बाहेरची वीज घेतली. संगणकाचेंही असेंच होईल, असें मॅकार्थी यांचें म्हणणें.

दृष्टांत सुंदर आहे. पण त्यांत एक खोंच आहे, व ती पुष्कळांच्या नजरेंतून निसटते. खोपोलीहून वीज आली तरी गिरणीवाल्याचा माग आणि कापूस हे गिरणींतच राहिले. शिवाय वीज ही एकासारखी एक. आमच्या घरचें युनिट आणि शेजाऱ्याचें युनिट यांत कांहीं भेद नाहीं, आणि वीज पुरविणाऱ्यापाशीं आमचें असें कांहीं ठेव म्हणून राहत नाहीं. गणनशक्ति दुसऱ्याकडून घ्यावयाची तर मात्र कापूसही त्याच्याच दारीं नेऊन टाकावा लागतो, आणि विणलेलें कापडही तेथेंच ठेवावें लागतें. मॅकार्थींच्या व्याख्यानापासून आजच्या 'क्लाउड'पर्यंत हा दृष्टांत असंख्य वेळां योजिला गेला आहे, आणि आमच्या मतें प्रत्येक वेळीं तो याच ठिकाणीं लंगडा पडला आहे.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्याच संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो यांनीं एका यंत्रावर अनेक माणसांनीं एकाच वेळीं काम करण्याची पद्धति दाखविली. यंत्र प्रत्येकाकडे क्षणभर लक्ष देई, पण इतक्या त्वरेनें कीं प्रत्येकास तें आपलेंच वाटावें. एका यंत्रांत अनेकांचे कागद आले तेव्हां ते वेगळे राखण्यास कुलूप हवें. म्हणून या पद्धतींत प्रत्येकास गुप्त शब्द देण्यांत आला. आज ज्या पासवर्डानें घरोघर जीव मेटाकुटीस येतो त्याचा उगम हा. म्हणजे सामाईक यंत्राच्या पहिल्या पावलाबरोबरच धन्याच्या चाकरीचा प्रश्न उभा राहिला.

या यशानें हुरूप येऊन 'मल्टिक्स' नांवाची प्रचंड योजना आंखण्यांत आली. मॅसॅच्युसेट्सची संस्था, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल प्रयोगशाळा असे तिघे भागीदार. १९६५ सालीं तिचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यांत वीज व टेलिफोन यांप्रमाणें अहोरात्र अखंड चालणारी गणनसेवा हें ध्येय उघडपणें नमूद केलें होतें. परंतु काम लांबत गेलें, बोजा वाढत गेला, आणि १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेनें अंग काढून घेतलें. तेथील केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं मग एका लहानशा, टाकाऊ समजल्या जाणाऱ्या यंत्रावर स्वतःसाठीं एक आटोपशीर कारभारी रचला, आणि 'मल्टिक्स' म्हणजे अनेक तर हा 'युनिक्स' म्हणजे एक, असा श्लेष करून त्याचें नांव ठेविलें. इतिहासाची थट्टा अशी कीं, ज्या महालाच्या पडवींत ही खोली बांधली तो महाल ओस पडला व खोलीचें नगर झालें. मल्टिक्सचें शेवटचें यंत्र कॅनडांतील हॅलिफॅक्स येथें ३० ऑक्टोबर २००० रोजीं बंद झालें. युनिक्सच्या वळणावर लिहिलेला लिनक्स, आणि युनिक्सच्याच वंशांतील ॲपलची प्रणाली, हीं आज जगांतील बहुतेक सर्व हातफोनांत नांदत आहेत.

त्याच १९६९ सालीं आणखी एक गोष्ट घडली. २९ ऑक्टोबरच्या रात्रीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतून स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेच्या यंत्राकडे 'आर्पानेट' या जाळ्यावरून पहिला शब्द धाडण्यांत आला. तो शब्द 'लॉगिन' हा होता. पहिलीं दोन अक्षरें पोहोंचलीं आणि पलीकडचें यंत्र कोसळलें. ही हकीकत गंमत म्हणून सांगितली जाते, पण तींतील मर्म निराळें आहे. जाळ्यावरून जो पहिला शब्द जावयाचा होता तो निरोप नव्हता, कुशलप्रश्न नव्हता. दुसऱ्याच्या यंत्रांत शिरण्याची ती परवानगी होती. दूरचें यंत्र आपलेंच असल्याप्रमाणें वापरतां यावें, याचसाठीं तें जाळें विणलें होतें. पत्रव्यवहार, वर्तमानपत्रें, दुकानें हें सर्व नंतरचें. तेव्हां इंटरनेटनें संगणकाचा कारभार करावा ही इच्छा इंटरनेटवर मागाहून लादलेली नाहीं. ती त्याच्या पत्रिकेंतच आहे.

पुढील पंधरा वर्षें प्रवाह उलट वाहिला. १९७५ सालीं अल्टेअर, १९७७ सालीं ॲपल-दोन, आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय्. बी. एम्. चा पर्सनल कॉम्प्युटर आला. आपल्या मेजावर आपलें यंत्र, त्यांत आपली तबकडी, आणि तबकडीवर आपला कारभारी! सामाईक यंत्रापुढें पाळी लावून बसलेल्यांसच या स्वातंत्र्याची गोडी पुरतेपणीं कळली असेल. आमच्या विद्यार्थिदशेच्या अखेरीस, १९९० च्या सुमारास, एका युनिक्स यंत्रास जोडलेल्या आठ-दहा टर्मिनलांपुढें आम्ही बसत असूं. शेजारच्यानें एखादें जड गणित लाविलें कीं सर्वांचे पडदे एकदम गोठत. त्यानंतर स्वतंत्र यंत्र मिळालें तेव्हां तें कितीही दुबळें असो, त्यापुढें बसण्यांत जें सुख होतें तें आजच्या तरुणांस सांगून पटावयाचें नाहीं.

दुसरा प्रयत्न याच काळांतला. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ सालीं चौघांनीं स्थापिली. त्यांतले विनोद खोसला हे जन्मानें पुण्याचे. 'जाळें हाच संगणक' असें तिचें ब्रीद १९८४ सालीं जॉन गेज यांनीं तयार केलें. हें केवळ जाहिरातीचें वाक्य नव्हतें, कारण या कंपनीनें तबकडीच नसलेलीं यंत्रें खरोखरच विकलीं. त्यांचे कागद व त्यांचा कारभारी हे दोन्ही खोलीपलीकडच्या सर्व्हरवर असत. येथें एक मूळची अडचण स्पष्ट झाली. बटण दाबतांच यंत्र जागें होतें, पण त्या क्षणीं त्यास जाळें म्हणजे काय, तार कोठें आहे, आपला पत्ता कोणता, हें कांहींच ठाऊक नसतें. कारभारी जाळ्यावरून आणावयाचा तर त्यास आणावयास जाणारा कोणी तरी घरांत आधींच हवा. म्हणून यंत्राच्या कायम स्मृतींत एक चिमुकली आज्ञावली कोरून ठेवावी लागते. ती तारेवर हांक मारून आपला पत्ता विचारते व मग मोठ्या कारभाऱ्यास बोलावून आणते. यासाठीं १९८५ सालीं ठराविक नियमही प्रसिद्ध झाले. तेव्हां 'जाळ्यावरून कारभारी येऊं शकतो काय?' या प्रश्नाचें उत्तर चाळीस वर्षांपूर्वींच 'येऊं शकतो' असें मिळालें आहे. पण आल्यावर तो घरांतच बसतो. वाड्याबाहेर राहून तो कारभार हांकूं शकत नाहीं.

तिसरी वेळ सर्वांत रंगतदार. १९९५ सालचा ऑगस्ट महिना पाहा. ९ तारखेस नेटस्केप या सोळा-सतरा महिन्यांच्या कंपनीचे भाग बाजारांत आले. २८ डॉलरांस काढलेला भाग दिवसअखेर ५८ डॉलरांवर गेला. १५ तारखेस विदेश संचार निगमानें मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत सर्वसाधारण ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें. आणि २४ तारखेस मायक्रोसॉफ्टचें 'विंडोज ९५' गाजावाजानें विक्रीस आलें. सोळा दिवसांच्या आंत एक कारभारी गादीवर बसला, त्याचा प्रतिस्पर्धी बाजारांत श्रीमंत झाला, आणि आम्ही हिंदी लोक त्या रंगमंडपांत प्रेक्षक म्हणून दाखल झालों.

नेटस्केपचा ब्राउझर विंडोजवर चालत असे, मॅकिंटॉशवर चालत असे, युनिक्सवरही चालत असे. उद्यां लेखकांनीं आपल्या आज्ञावल्या विंडोजसाठीं न लिहितां ब्राउझरसाठीं लिहिल्या तर खालीं कोण आहे याचें महत्त्व संपेल, हें पुष्कळांस दिसूं लागलें. विंडोज म्हणजे नीट न तपासलेल्या उपकरण-चालकांचें गाठोडें एवढेंच उरेल, असा उद्गार नेटस्केपच्या मार्क अँड्रीसन यांच्या नांवावर सांगतात. शब्द झोंबणारे आहेत; पण नीट वाचल्यास त्या शिवींतच कबुली आहे, कारण गाठोडें का होईना, तें उरणारच असें ती म्हणते! बिल गेट्स यांसही हा धोका कळला होता. २६ मे १९९५ रोजीं आपल्या अधिकाऱ्यांस धाडलेल्या 'इंटरनेटची महालाट' या टिपणांत त्यांनीं नेटस्केपकडे बोट दाखवून, आज्ञावलींचा आधार ब्राउझरांत हलवून खालच्या प्रणालीस बाजारी माल करून टाकण्याचा हा डाव आहे, अशा अर्थाचा इशारा दिला होता.

याच वर्षीं ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनीं 'नेटवर्क कॉम्प्युटर' पुकारला : ५०० डॉलरांचें, जवळ कांहींच न ठेवणारें, सर्व कांहीं जाळ्यावरून घेणारें यंत्र. सन, आय्. बी. एम्. , ॲपल, नेटस्केप हेही त्यांस येऊन मिळाले. बेत बुडाला. त्याचीं कारणें लोक पुष्कळ सांगतात. आमच्या मतें दोन पुरेशीं आहेत. घरच्या टेलिफोनवरून तेव्हां सेकंदास २८,८०० बिट येत. त्या वेगानें एक मेगाबाइटाची किरकोळ आज्ञावली उतरावयास जवळजवळ पांच मिनिटें लागत. दुसरें असें कीं, दोन वर्षांत पूर्ण वैयक्तिक संगणकच हजार डॉलरांखालीं आला. स्वतःची विहीर स्वस्त झाली असतां नळाच्या थेंब-थेंब पाण्यासाठीं रांग कोण लावील?

न्यायालयाची गोष्ट यानंतरची. मायक्रोसॉफ्टनें आपला ब्राउझर विंडोजशीं बांधून फुकट दिला व नेटस्केपची कोंडी केली. १८ मे १९९८ रोजीं अमेरिकेच्या न्यायखात्यानें व वीस राज्यांनीं फिर्याद केली. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनीं ५ नोव्हेंबर १९९९ रोजीं आपले निष्कर्ष लिहिले, ते या विषयावरील उत्कृष्ट निबंध म्हणूनही वाचण्याजोगे आहेत. त्यांत त्यांनीं म्हटलें कीं, ब्राउझर व जावा भाषा यांनीं विंडोजची जागा घेतली नव्हती. परंतु विंडोजवांचून चालणाऱ्या आज्ञावलींचा एक थर त्यांतून उभा राहण्याचा संभव होता, आणि तो संभवच मायक्रोसॉफ्टनें चिरडला. पुढें जून २००० मध्यें कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम झाला व वर्षभरानें वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. मात्र मक्तेदारी राखण्यासाठीं बेकायदा वर्तन झालें, हा ठपका कायम राहिला. इंटरनेट हा कारभारी होऊं शकतो कीं नाहीं हें न्यायाधीशांनीं ठरविलें नाहीं. होऊं शकेल या भीतीनेंच एवढा मोठा अपराध घडला, इतकें मात्र त्यांनीं लिहून ठेविलें.

आणि येथें दैवाचा खेळ पाहा. विजयी मायक्रोसॉफ्टनें १९९९ सालीं आपल्या पांचव्या ब्राउझरांत एक लहानसें साधन घातलें. कचेरींतील टपाल ब्राउझरांतून पाहणाऱ्यांची सोय व्हावी, एवढाच हेतु. या साधनामुळें सबंध पान पुन्हां न आणतां त्याचा हवा तेवढाच भाग सर्व्हरवरून मागवितां येऊं लागला. १ एप्रिल २००४ रोजीं गूगलचें जीमेल निघालें व २००५ च्या फेब्रुवारींत गूगलचे नकाशे आले, ते याच युक्तीच्या बळावर. हॉटमेल त्या वेळीं फुकट ग्राहकास दोन मेगाबाइट जागा देई. जीमेलनें एकदम एक गिगाबाइट दिली, म्हणजे पांचशे पट. लोकांस वाटलें हा एप्रिलफुलाचा विनोद असावा! ज्यानें नेटस्केपचा वेढा मोडून काढला त्यानेंच तटाची दिंडी उघडी ठेविली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यानंतर गोष्टी झपाट्यानें घडल्या. २००७ सालीं आयफोन निघाला तेव्हां बाहेरच्या लेखकांनीं आपल्या आज्ञावल्या ब्राउझरसाठींच लिहाव्या, असें ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनीं जाहीर केलें होतें. लेखकांनीं कुरकुर केली, आणि १० जुलै २००८ रोजीं ॲपलनें स्वतःचें दुकान उघडून यंत्रावर उतरणाऱ्या आज्ञावल्या विकावयास काढल्या. जाळ्यावरील आज्ञावलीस तेव्हां वेग नव्हता हें खरें. पण दुकानांत दर विक्रीमागें तीस टक्के मिळत, हेंही विसरतां येत नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत गूगलचा क्रोम ब्राउझर आला. त्यानें उघडलेल्या बहुतेक पानांस स्वतंत्र प्रक्रिया दिली, म्हणजे एक पान कोसळलें तर बाकीचीं वांचावीं. पानांच्या स्मृतीचा हिशेब दाखविणारी खिडकीही ब्राउझरांतच ठेविली. वाचकांनीं वर सांगितलेली यंत्राची चाकरी आठवावी. ब्राउझर हा कारभाऱ्याचा पाहुणा न राहतां धाकटा कारभारी बनूं लागला होता.

मग चौथा प्रयत्न. जुलै २००९ मध्यें गूगलनें 'क्रोम ओएस' घोषित केला, आणि १५ जून २०११ रोजीं सॅमसंग व एसर यांचीं 'क्रोमबुक' यंत्रें विक्रीस आलीं. यंत्र उघडावें तों समोर ब्राउझर. त्यापलीकडे जणूं कांहीं नाहींच. अमेरिकेंतील शाळांनीं हीं यंत्रें मोठ्या संख्येनें घेतलीं, व तीं घेण्याजोगीं होतींही : स्वस्त, हलकीं, आणि एक बिघडलें तर दुसऱ्यावर नांव घालतांच विद्यार्थ्याचें सर्व काम जसेंच्या तसें. येथें तरी इंटरनेट हाच कारभारी झाला असें कोणास वाटेल. पण पडदा बाजूला सारला कीं खालीं लिनक्सच आहे. प्रोसेसरचे क्षण तोच वांटतो, तारेशीं तोच बोलतो. शिवाय शुद्ध सोवळेंही टिकलें नाहीं. २०१६ पासून अँड्रॉइडच्या व २०१८ पासून लिनक्सच्या आज्ञावल्या त्यांत घ्याव्या लागल्या.

आमच्या देशाशीं या प्रयत्नाचा निकटचा संबंध आहे, तो फारसा सांगितला जात नाहीं. नेटस्केपच्याच राखेंतून उठलेल्या मोझिला संस्थेनें 'फायरफॉक्स ओएस' काढला. ज्यांत प्रत्येक आज्ञावली म्हणजे एक वेबपानच, असा हा फोनाचा कारभारी. ऑगस्ट २०१४ मध्यें भारतांत त्याचा एक फोन १,९९९ रुपयांस निघाला. स्मृति अवघी १२८ मेगाबाइट. तो इतका मंद कीं गरिबासही परवडूं नये. डिसेंबर २०१५ मध्यें मोझिलानें फोनांचा नाद सोडला. परंतु त्याच मुळावर 'कायओएस' फुटला, आणि २१ जुलै २०१७ रोजीं मुंबईंत रिलायन्सच्या वार्षिक सभेंत घोषित झालेल्या जिओफोनांत तो बसला. १,५०० रुपयांच्या परतफेडीच्या अनामतीवर मिळणारा, बटणांचा, स्वस्त फोन. खेड्यापाड्यांतील ज्या माणसांनीं त्यावर प्रथम चित्रपट पाहिला व नातलगांस निरोप धाडला, त्यांनीं नकळत कॅलिफोर्नियांतील एका जुन्या वादाचा एक पक्ष हातांत धरला होता. त्याही फोनाच्या तळाशीं लिनक्सचा गाभा होताच.

तो गाभा जात कां नाहीं? याचें एक कारण कोणाही कंपनीच्या हातचें नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर धरलें, तर प्रश्न जाऊन उत्तर येण्यास एक-अष्टमांश सेकंद लागणारच. प्रत्यक्षांत तार वांकडी-तिकडी असल्यानें अधिक लागतो. तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर तेवढ्या अवधींत साडेसदतीस कोटी ठोके मोजतो. आतां कोणत्या आज्ञावलीस पुढचा क्षण द्यावा, हें दर ठोक्यास न्यूयॉर्कला विचारावयाचें म्हटलें तर यंत्राचा सारा जन्म उत्तराची वाट पाहण्यांतच जाईल. सर्व्हर मुंबईंतच ठेविला तरी हिशेबाची जात बदलत नाहीं. म्हणून यंत्राची चाकरी यंत्रापाशींच राहणार. त्या अर्थानें इंटरनेट हें कारभारी कधींच होणार नाहीं, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों. २०२१ सालीं मायक्रोसॉफ्टनें स्वतःचें विंडोजच जाळ्यावरून भाड्यानें द्यावयास सुरुवात केली, तरी त्याचें चित्र ज्या यंत्रावर पाहावयाचें त्यास दुसरा कारभारी लागतोच.

परंतु धन्याची चाकरी? ती केव्हांच गेली आहे. कागदपत्रें कोठें ठेवावीं, कोणत्या नांवानें ठेवावीं, दार कोणास उघडावें, हीं कामें आज बहुतेक घरांत दूरच्या सर्व्हरावर होतात. तीं तेथें उत्तम होतात, हें कबूल केलें पाहिजे. घरच्या तबकडीवर जपलेलीं छायाचित्रें तबकडीबरोबरच नाहींशीं झाल्याचें दुःख पुष्कळांनीं भोगलें आहे. तें दुःख आतां दुर्मीळ झालें. फोन चोरीस गेला तरी आंतील पत्रें वांचतात. ज्या कुटुंबांतील मुलें पुणें, पर्थ आणि टोरांटो अशीं पांगलीं आहेत त्यांस एकच चोपडी सर्वांनीं मिळून लिहितां येते. या सोयीस नाकें मुरडणें हें ढोंग होईल. आमच्या महाविद्यालयांत ऐन परीक्षांच्या हंगामांत रस्ता खणतांना तार तुटली व तीन दिवस गुणपत्रकें पाहतां येईनात, तेव्हां जे सहकारी जुन्या वह्यांचे गोडवे गाऊं लागले तेच चवथ्या दिवशीं पुन्हां पडद्यापुढें बसले, आणि त्यांत त्यांचें चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं.

अडचण सोयीची नाहीं, मालकीची आहे. घरचा कारभारी कितीही मठ्ठ असला तरी तो आपला पगारी चाकर. दूरचा कारभारी आपल्या कामावर आहे कीं आपण त्याच्या वाड्यांतील भाडेकरी आहों, हें करारपत्राच्या त्या लांबलचक कलमांत असतें, आणि तीं कलमें कोणी वाचीत नाहीं. गूगलनें वाचकांचा आवडता 'रीडर' १ जुलै २०१३ रोजीं बंद केला; खेळांचें 'स्टेडिया' १८ जानेवारी २०२३ रोजीं. पैसे परत दिले, पण खेळ गेले. क्रोमबुकाच्या प्रत्येक नमुन्यास एक तारीख असते, व तिच्यानंतर त्यास सुरक्षेची नवी आज्ञावली मिळत नाहीं; ओरड झाल्यावर २०२३ सालीं ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढविण्यांत आली. यंत्र धडधाकट, पडदा स्वच्छ, पण त्याचें आयुष्य दुसऱ्याच्या पंचांगांत लिहिलेलें, अशी ही नवलाची मालमत्ता आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुकच्या एका चुकीच्या आज्ञेनें त्या कंपनीचीं सर्व यंत्रें सुमारें सहा तास जगाच्या नकाशावरून नाहींशीं झालीं, आणि व्हॉट्सॲपवर व्यवहार करणारा दुकानदार हात जोडून बसला. खुद्द कंपनीच्या माणसांस दुरूनच दुरुस्ती करतां येईना. त्यांस प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत जावें लागलें.

तेव्हां भाडेकरूस जो हक्क सर्वांत आधीं हवा तो बिऱ्हाड हलविण्याचा. आपले सर्व कागद, आपलीं पत्रें, आपलीं छायाचित्रें दुसऱ्या कारभाऱ्यास वाचतां येतील अशा रूपांत उचलून नेतां आलीं पाहिजेत, आणि तें पहिल्या कारभाऱ्याच्या मर्जीवर असतां कामा नये. युरोपांतील राष्ट्रांनीं हा हक्क २५ मे २०१८ पासून कायद्यानें दिला. आपल्याकडे न्यायमूर्ति बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनें त्याच वर्षीं जो मसुदा सादर केला त्यांत तो होता; २०१९ सालीं लोकसभेपुढें आलेल्या विधेयकांतही होता. ऑगस्ट २०२३ मध्यें संमत झालेल्या कायद्यांत मात्र तो गळला आहे. आपली माहिती कोणती ठेविली आहे तें विचारण्याचा, ती दुरुस्त करविण्याचा व पुसून टाकविण्याचा अधिकार त्यांत आहे. ती उचलून दुसरीकडे नेण्याचा नाहीं. म्हणजे भारतीय भाडेकरूस सामान मोजून पाहतां येतें, जाळूनही टाकवितां येतें; गाडींत घालून नेतां येईल कीं नाहीं, तें अद्यापि वाड्याचा मालकच ठरवितो.